मडक्याच्या थेंबापासून मॉसपर्यंत

नांदेडजवळच्या मुदखेडची ओळख फुलांमुळे. इथला मोगरा, काकडा, गुलाब नांदेडच्या बाजारात तर जातोच, हैदराबादपर्यंतही जातो. शेतातल्या मोगऱ्याला गुटी कलमाची, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडण्याची, गरज नसते. त्याची लवचीक फांदी वाकवून मातीत दाबली की मुळं धरते. गुटी कामाला येते ती परसातल्या ताठ झुडपांना: जास्वंद, कण्हेर, क्रोटन, डाळिंब.

पूर्वी गुटी बांधणं म्हणजे मोठा खटाटोप. चिकणमाती नि शेण कालवून गोळा करायचा, त्यावर गोणपाट गुंडाळायचं आणि तो सुकू नये म्हणून वर भोकाचं मडकं टांगायचं. १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या लिचीच्या बागांत प्लॅस्टिकचा कागद वापरात आला. पुढे तो आपल्याकडेही पोचला आणि मडकं सुटलं.

आजची रीत सोपी आहे. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची बोटाच्या पेराएवढी साल गोलाकार काढायची. आतला बुळबुळीत थर खरवडलाच पाहिजे, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. मुळं फोडणाऱ्या संजीवकाची भुकटी लावायची, ओलं मॉस (शेवाळ) पिळून भोवती बसवायचं, पारदर्शक कागद दोन्ही टोकांना आवळायचा. दीड-दोन महिन्यांत पांढरी मुळं कागदातून दिसतात.

महाराष्ट्रात गुटीने खरं राज्य केलं ते डाळिंबावर. पुण्याच्या गणेशखिंडीतला ‘गणेश’, नंतरचा ‘भगवा’, दोन्ही वाण मुख्यतः गुटीने बागाबागांत पसरले. गुटी हुबेहूब तेच झाड देते, पण त्याचा रोगही देते. २००० नंतर तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा उद्ध्वस्त केल्या, त्यात रोगट झाडांवर बांधलेल्या गुट्यांचा मोठा वाटा होता. २००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं. निरोगी मातृवृक्षाचा आग्रह आता सगळेच धरतात. तो आधीच धरला असता तर कित्येक बागा वाचल्या असत्या.

परसात मात्र गुटीचा दुसरा फायदा आपण विसरलो. शेंड्याला पानं आणि बुडाला नुसत्या काटक्या, अशी जास्वंद लोक सरळ उपटून टाकतात. तिच्या उंच, निरोगी फांद्यांवर गुटी बांधा. मुळं तपकिरी झाली की गुटीच्या खाली कापा. वरून नवं रोप मिळतं, खालच्या खोडाला डोळे फुटून झुडूप पुन्हा ठेंगणं, भरगच्च होतं. या पावसाळ्यात कुऱ्हाड उचलण्याआधी दोन गुट्या बांधून पाहा.