दातांच्या उपचारापूर्वी आपले विमा संरक्षण जाणून घ्या

आरोग्य विमा असला म्हणजे दातांच्या उपचारांचा खर्चही मिळेल, असे अनेक कुटुंबे गृहीत धरतात. प्रत्यक्षात बहुतांश आरोग्य विमा पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असतात. दाखल होणे म्हणजे सामान्यतः सलग किमान २४ तासांचे वास्तव्य. दात भरणे, दात काढणे, रूट कॅनल किंवा कॅप बसविणे हे बाह्यरुग्ण उपचार होत. पॉलिसीत त्यांची स्वतंत्र तरतूद नसल्यास हा खर्च आपणांस स्वतः करावा लागतो.

कशाला संरक्षण मिळू शकते?

• अपघातात जबड्याला किंवा दातांना इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास बहुतेक पॉलिसींत खर्च मिळतो.
• ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार वा दुखापतीमुळे दाखल होऊन घ्यावे लागणारे दंतोपचार समाविष्ट आहेत.
• आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. जबड्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया त्यात येतात; बाह्यरुग्ण उपचार येत नाहीत. माहितीसाठी दूरध्वनी : १४५५५.
• केवळ सौंदर्यासाठी केलेले उपचार सहसा वगळलेले असतात.

उपचारापूर्वी काय करावे?

१. दंतवैद्यांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. कोणत्या दातावर कोणता उपचार होणार व प्रत्येकाचा खर्च किती, हे त्यात स्वतंत्रपणे नमूद असावे.
२. पॉलिसीसोबत मिळालेले ग्राहक माहितीपत्रक वाचावे. वगळलेले उपचार, प्रतीक्षा कालावधी, वार्षिक मर्यादा आणि को-पे, म्हणजे खर्चातील आपला वाटा, तपासावा.
३. अंदाजपत्रक विमा कंपनीस पाठवून लेखी उत्तर मागवावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.
४. एक्स-रे, औषधचिठ्ठी, बिले व पावत्या जपून ठेवाव्यात.

उदाहरण : समजा, रूट कॅनलचा खर्च ४,००० रुपये व कॅपचा ४,००० रुपये आहे. पॉलिसीत केवळ रूट कॅनल समाविष्ट असून को-पे २० टक्के आहे. अशा वेळी कंपनी ३,२०० रुपये देईल. उर्वरित ४,८०० रुपये आपणांस भरावे लागतील. हे आधी कळले, तर पैशांची तजवीज करता येते किंवा शासकीय दंत महाविद्यालय वा जिल्हा रुग्णालयातील माफक दरातील सेवेचा विचार करता येतो.

दावा नाकारल्यास

नकाराचे कारण लेखी मागावे व प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे तक्रार करावी. समाधान न झाल्यास विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ सेवेशी १५५२५५ या क्रमांकावर संपर्क साधावा. विमा लोकपालाकडेही तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. मात्र कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा.

विम्यासाठी उपचार लांबवू नका

चेहऱ्यावर किंवा मानेवर सूज, ताप, तोंड उघडण्यास, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास ही पसरत्या जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात व त्यातून जिवास धोका संभवतो. अशा वेळी विम्याच्या उत्तराची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जावे. कागदपत्रांची पूर्तता नंतर करता येते.