शाळेचा संगणक : निगा, दोषशोधन व दप्तराचे रक्षण

मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागातील शाळांत जून उजाडला की पहिली काळजी छपराची असते. ताम्हिणीच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, खडू मऊ पडतात, रजिस्टरांच्या पानांना बुरशीचा वास येऊ लागतो. या ओलीपासून दप्तर कसे जपावे हे शिक्षकवर्गास शिकवावे लागत नाही. कपाट भिंतीपासून दूर ठेवावे, कागद उंचावर ठेवावेत, उघडीप मिळताच त्यांस ऊन दाखवावे, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु आता त्याच कपाटाशेजारी संगणक आला असून दप्तराचा बराच भाग त्याच्या पोटात गेला आहे. रजिस्टरास जी दक्षता, तीच त्यासही हवी. मात्र तिची रीत निराळी आहे.

यंत्र आणि दप्तर

प्रारंभीच एक भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. न झाल्यास अनुदानातून वा लोकवर्गणीतून दुसरे घेता येते. आतील नोंद गेली तर ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. समजा, एखाद्या कातकरी वाडीवरील मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली. ती कोणत्या गावी गेली, तेथील शाळेत तिला बसविले की नाही, वाचनात तिची मजल कोठवर गेली होती, हे शिक्षकाने केलेल्या यादीत असते. जनरल रजिस्टर कागदावर असते. शासकीय प्रणालींत भरलेली माहिती शासनाच्या सर्व्हरवर राहते. परंतु ही यादी, चाचण्यांचे गुण आणि पत्रव्यवहार पुष्कळदा त्या एकाच संगणकात असतात. पावसाच्या तोंडावर मुलगी परत आली आणि यादी मात्र नाहीशी झाली, तर तिला पुन्हा पहिल्या धड्यापासून बसविले जाण्याचा संभव असतो. यास्तव निगेचा खरा हेतू दप्तराचे रक्षण हा होय.

माहिती कोठे राहते

आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्क-साठ्यात सुमारे दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि कपाटाएवढ्या त्या यंत्रात केवळ पन्नास लाख अक्षरे मावत. आजची हार्ड डिस्क मुठीत येते, पण तिचे तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात व त्यांवरून वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. यंत्र चालू असता टेबलास धक्का बसल्यास ते टोक तबकडीवर आपटून ओरखडा पडू शकतो. म्हणून चालू संगणक कधीही हलवू नये.

नव्या यंत्रांतील एसएसडीत व पेन ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसतो. माहिती विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेली असते. त्यांना धक्क्याचे भय कमी. परंतु बिघडताना त्या बहुधा पूर्वसूचना देत नाहीत, आणि वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिल्यास भार झिरपून माहिती नाहीशी होण्याचा धोका असतो. तेव्हा पेटीत टाकून ठेवलेली पेन ड्राइव्ह म्हणजे कायमचे दप्तर नव्हे.

वीज, ओल व धूळ

मुळशीच्या तलावातील पाण्यावर सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे वीज निर्माण होते. तरीही झाडे कोसळून तारा तुटल्या की तलावाकाठच्या गावांतच अंधार पडतो. लिहिणे चालू असता वीज गेल्यास फाईल अर्धवट राहते व कधी कधी संपूर्ण डिस्कची अनुक्रमणिकाच बिघडते. यूपीएस आहे तो काम पुढे रेटण्यासाठी नव्हे, तर फाईल जतन करून संगणक रीतसर बंद करण्यास काही मिनिटे मिळावीत यासाठी. ही मिनिटे कमी होऊ लागली की त्याची बॅटरी बदलावी. शाळेच्या वायरिंगचे अर्थिंग वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. आकाशात गडगडाट सुरू होण्याची चिन्हे दिसताच संगणक बंद करून प्लग व इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत. जवळ पडलेल्या विजेपुढे यूपीएसचा टिकाव लागत नाही.

पावसाळ्यात ‘बिघडेल’ या भीतीने संगणक झाकून बंद ठेवण्याची प्रथा आढळते. ती चुकीची आहे. रोज तास-दोन तास चालविल्यास यंत्राची स्वतःची ऊब आतील ओल घालविते. प्लास्टिकचे आवरण यंत्र थंड झाल्यावरच घालावे. छपराचे पाणी आत गेले असल्यास मात्र ‘चालते का पाहू’ म्हणून बटण दाबू नये. प्लग काढून ते कारागिराकडेच पाठवावे.

खडूची धूळ हा शाळेतील संगणकाचा विशेष शत्रू होय. यंत्र फळ्यापासून दूर व जमिनीपासून उंच असावे. तीन महिन्यांतून एकदा प्लग काढून, झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ झाडावी. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा. वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यात प्राणघातक भार राहू शकतो.

दोष शोधण्याचा क्रम

दोष बाहेरून आत शोधावा. संगणक मुळीच सुरू होत नसेल तर प्रथम भिंतीवरील सॉकेटात वीज आहे काय, मग यूपीएस, मग केबल घट्ट बसली आहे काय, असे पाहत जावे. यंत्राचा पंखा फिरतो पण पडदा काळा असेल तर मॉनिटरचा दिवा व त्याची केबल पाहावी. सुरू करताच पुनःपुन्हा ‘बीप’ असा आवाज येत असेल तर पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते.

एक दोष फसवा आहे. दररोज सकाळी संगणकातील तारीख मागे गेलेली दिसते आणि त्याच वेळी शासकीय संकेतस्थळे उघडेनाशी होतात. दोष नेटवर्कला दिला जातो. वस्तुतः मदरबोर्डवरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे संगणकास ग्राह्य वाटत नाहीत. अल्प किमतीची ती बॅटरी बदलताच, तारीख एकदा नीट लावून, काम पूर्ववत चालते.

डिस्कमधून टकटक आवाज येणे, फाईल उघडण्यास फार विलंब लागणे, फाईली आपोआप नाहीशा होणे ही डिस्क निकामी होऊ लागल्याची लक्षणे होत. अशा वेळी ‘आधी नक्कल, मग दुरुस्ती’ हा नियम पाळावा. आवाज येतच असेल तर यंत्र बंद करावे. दुरुस्तीच्या आज्ञावली चालविल्याने हानी वाढते.

चुकून पुसलेल्या फाईलीविषयीही हे जाणून असावे. हार्ड डिस्कवरील फाईल पुसली म्हणजे पुस्तकाचे पान फाटले असे नव्हे. केवळ अनुक्रमणिकेतील नोंद खोडली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळणे शक्य असते. म्हणून काम तत्काळ थांबवावे. एसएसडीत मात्र मोकळी झालेली जागा यंत्र स्वतःच पुसून टाकते. तेथे ही आशा फारशी नसते.

विषाणू

१९९० साली भारतात ‘जोशी’ नावाचा एक संगणक-विषाणू आढळला. ५ जानेवारीस तो यंत्र अडवून वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकलिखित करावयास लावी. तो फ्लॉपीवरून पसरत असे. आज तेच काम पेन ड्राइव्ह व अनोळखी ई-मेल करतात. मॅट्रिकनंतर कॅल्क्युलेटर-दुरुस्तीचा धंदा शिकलेले कैलास काटकर पुण्यात संगणकदुरुस्ती करू लागले, तेव्हा कामास येणारी यंत्रे विषाणूंनी ग्रासलेली आढळत. ती स्वच्छ करण्यासाठी त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी लिहिलेल्या आज्ञावलींतून ‘क्विक हील’ उभे राहिले. केवळ यंत्र चालू करून न थांबता दोषाच्या मुळाशी जावे, हा त्यातील बोध आहे.

बाहेरची प्रत्येक पेन ड्राइव्ह तपासल्यावाचून उघडू नये. संगणकाची अद्ययावतीकरणे टाळू नयेत. विंडोज १० या प्रणालीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ती वापरणाऱ्या शाळांनी पुढील प्रणालीचा विचार करावा. काही विषाणू सर्व फाईलींना कुलूप लावून खंडणी मागतात, व जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हलाही ते सोडत नाहीत. म्हणून नक्कल घेतल्यावर ड्राइव्ह संगणकास जोडून ठेवू नये.

तीन प्रतींचा नियम

दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, व एक प्रत शाळेबाहेर असावी. एक संगणकात, दुसरी शाळेच्या कपाटातील बाह्य हार्ड डिस्कवर, तिसरी केंद्रशाळेच्या कपाटात किंवा शाळेच्या अधिकृत खात्यावर. विद्यार्थ्यांची खाजगी माहिती असल्याने बाहेर जाणारी प्रत पासवर्डने बंद असावी. तो पासवर्ड मुख्याध्यापकाखेरीज आणखी एका जबाबदार शिक्षकास ठाऊक असावा.

शनिवारी शाळा सुटल्यावर हे काम पंधरा मिनिटांत आटोपते. नक्कल घ्यावी, तारीख एका वहीत लिहावी, ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढावी. कारण लिहिणे पूर्ण झाल्यासारखे दिसले तरी काही भाग संगणकाच्या स्मृतीत शिल्लक असू शकतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरून चालू नये.

ही वही शिक्षकाची बदली होताना पदभाराबरोबर रीतसर सोपवावी. बदलून आलेल्या शिक्षकास पहिल्याच दिवशी वाडीवरील प्रत्येक मुलाचा मागील प्रवास वाचावयास मिळाला, तर शनिवारची ती पंधरा मिनिटे सत्कारणी लागली असे समजावे.