बांधावरची बाभूळ

आपल्याकडच्या निसर्गचित्रणाचा आढावा घ्यायला बसलं की मराठवाड्याच्या वाट्याला फक्त लेणी येतात. जेम्स वेल्स यांनी १७९५ साली वेरूळला केलेल्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३मध्ये चित्रं छापली. रॉबर्ट गिल १८४४पासून अजिंठ्याच्या नकला करत राहिले. त्यातल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन जॉन ग्रिफिथ्स अजिंठ्यालाच गेले. उघड्यावरचं चित्र बहरलं ते मात्र दुसरीकडे. कोल्हापुरात कोटितीर्थाकाठी आबालाल रहिमान, इंदूरहून निघून काश्मीरपर्यंत रंगवत गेलेले ना. श्री. बेंद्रे, नाशिकचे घाट जलरंगात आणणारे शिवाजी तुपे, आज मिलिंद मुळीक. घाट, वाडे, कोकण, हिमालय. काळ्या सपाट रानाकडे कुणी फारसं वळलं नाही.

ज्या गोदावरीचे घाट तुपेंनी रंगवले, तीच पुढे जायकवाडी धरण ओलांडून मराठवाड्यातल्या गेवराई तालुक्याच्या उत्तर हद्दीवरून जाते. काठावर राक्षसभुवन. तिथे १७६३च्या ऑगस्टमध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. शनिमंदिरासाठी भक्त येतात, इतिहासाचे अभ्यासक येतात. उमापूर हे गावही याच तालुक्यातलं. कापूस, तूर, बाजरी, बांधावर बाभळी.

अशा गावी कागद ताणून बसलं की रंगाचा पहिला वॉश वाळायच्या आत पोरं गोळा होतात. (इथल्या कोरड्या उन्हात वॉश झरझर वाळतो, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकावेत.) “काका, काय काढायलात?” हा पहिला प्रश्न. “हे कितीला जातंय?” हा दुसरा, आणि तो आर्ट गॅलरीतल्या बहुतेक प्रश्नांपेक्षा सरळ आहे. तिसरा मात्र अडचणीत टाकतो: “बाभळच का काढायलात? डोंगर काढा की.”

डोंगर कुठून आले? शाळेतल्या निसर्गचित्रातून. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी नि नारळ. नजरेच्या टप्प्यात नारळ नसला तरी पोरं तो डोळे मिटून काढतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा वेगळा चित्रकला शिक्षक नसतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा पुढे हायस्कुलात. म्हणजे आपलं रान चित्रात बसू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. माझ्या मते यात पोरांपेक्षा चित्रकारांचा दोष मोठा. आम्हीही डोंगरच शोधत फिरलो.

गर्दीला आवर घालायची युक्ती जुनी आहे: सगळ्यात जास्त बोलणाऱ्याच्या हातात जाड पेन्सिल नि कागद द्यायचा. बाकीचे आपोआप त्याच्याभोवती जमतात, चुका काढतात. “काटे राहिले की रं!” असं कुणीतरी ओरडतं, आणि ते खरंच असतं, आपल्याही चित्रात काटे राहिलेले असतात.

यायचं तर दिवाळीच्या आधी यावं. कापूस फुटलेला असतो, ऊन तिरपं झालेलं असतं आणि मुख्य म्हणजे पोरं गावात असतात. नंतर मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या साखरपट्ट्याकडे निघतात. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, कोयते, त्यावर लहानगी. जी मागे राहतात ती आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. डिसेंबरात कागद मांडला, तर प्रश्न विचारायला आजोबाच उरतात. तेही कापसाच्या भावाबद्दल विचारतात.