मुरमांची गोळी सुरू आहे? फुटलेल्या ओठांपेक्षा मोठी काळजी ही

मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन ही गोळी त्वचेतलं तेल कमी करते. त्यामुळे ओठ फुटणं जवळपास ठरलेलंच; व्हॅसलिन जवळ ठेवा, गोळी जेवणासोबत घ्या. त्वचा उन्हाने लवकर भाजते, तेव्हा घनसावंगीच्या एप्रिल-मेमध्ये शेतात जाताना स्कार्फ आणि सनस्क्रीन हवंच.

खरा धोका वेगळा आहे. या काळात गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून गोळीच्या एक महिना आधीपासून, ती बंद केल्यावर एक महिन्यापर्यंत गर्भनिरोधन आवश्यक. लग्न ठरलं असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. उरलेल्या गोळ्या बहिणीला देऊ नका. रक्तदानही तोवर नको. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं किंवा सतत उदास वाटणं सुरू झालं, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.