पोटातले यंत्र आणि हातातली सुई

रविवारची सामुदायिक वंदना आटोपली होती. विहाराच्या ओट्यावर महिन्याच्या शुगर-बीपी तपासणीचे टेबल लागले होते. रांगेतल्या एका काकूंनी बोट पुढे करण्याऐवजी मोबाइल पुढे केला.

"ताई, हे बघा. पोटात बारकं मशीन बसवतात, मग इन्सुलिन लागतच नाही. नातवानं काढून दिलं."

व्हिडिओत खरेच एक चकचकीत डबी होती, तिला दोन वायरी होत्या आणि एक हसरा माणूस होता. आम्ही विचारले, "काका कसे आहेत?" काकू जरा थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांनी चार दिवस झाले सुई घेतली नाही. म्हणतात, आता मशीनच बसवू. उगाच पोटाला भोकं कशाला?"

काकांना घरून बोलावले. शुगर ४१२ निघाली. तोंड कोरडे, रात्रभर लघवीला उठणे, अंगात त्राण नाही. त्याच दुपारी त्यांना रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले. वेळेवर नेले म्हणून निभावले.

नातवाने दाखवलेला व्हिडिओ निव्वळ खोटा नव्हता. विजेच्या हलक्या झटक्यांनी शुगर आटोक्यात आणण्याचे प्रयोग जगात खरोखर चालू आहेत. पण खऱ्या गोष्टीचा अर्धाच भाग हातात आला की तो खोट्याइतकाच घात करतो. म्हणून या वेळी आरोग्य पानावर ही गोष्ट पूर्ण सांगायची आहे.

शुगरचा विजेशी काय संबंध?

जेवणानंतर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि ती साखर पेशींत जाते, एवढे आपण ऐकलेले असते. पण स्वादुपिंड एकटे काम करत नाही. मेंदूपासून निघून छातीतून पोटापर्यंत जाणारा एक लांब मज्जातंतू आहे, त्याचे नाव व्हेगस. जठर, यकृत, स्वादुपिंड यांच्याशी मेंदूचे बोलणे बरेचसे याच तारेवरून चालते. चुलीवर बोंबील भाजायला लागले की तोंडाला पाणी सुटते. त्याच वेळी, घास तोंडात जाण्याआधीच, थोडे इन्सुलिनही सुटू लागते. तो निरोप व्हेगस नेतो, आणि मज्जातंतूंमधले निरोप म्हणजे विजेचे बारीक स्पंद असतात.

ही माहिती नवी नाही. इटलीत लुइजी गॅल्वानी यांनी मेलेल्या बेडकाचा पाय विजेने उडतो हे दाखवून १७९१ साली प्रसिद्ध केले. १८४९ च्या सुमारास फ्रान्सचे क्लोद बर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठिकाणी सुई टोचली, तर त्याच्या लघवीत साखर उतरली. म्हणजे साखरेचा कारभार मेंदू आणि मज्जातंतूही पाहतात, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळले होते. आजचे शास्त्रज्ञ विचारतात ते एवढेच: या तारेवरचे निरोप आपल्याला सुधारता येतील का? हृदयाला पेसमेकर बसवतात, तसे शुगरसाठी काही बसवता येईल का?

जठराचा पेसमेकर

माणसांवर सर्वात जास्त तपासले गेलेले असे एक यंत्र जठराचे आहे. ते इस्रायलमधील एका कंपनीने बनवले. आपल्या जठरात मुळातच विजेच्या लाटा असतात, मिनिटाला साधारण तीन. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने जठराच्या स्नायूत वायरी बसवतात आणि पोटाच्या कातडीखाली डबी ठेवतात. माणूस जेवायला लागला की जठराच्या लाटा बदलतात. डबी ते ओळखते आणि त्या लाटांच्या तालावर आपले झटके देते. जठराचे आकुंचन जोरदार होते, "पोट भरले" हा निरोप मेंदूकडे जातो, माणूस कमी खातो आणि शुगरही उतरते. डबी बाहेरून चार्ज करावी लागते.

निकाल काय आला? ज्यांची शुगर गोळ्यांनी नीट आटोक्यात येत नव्हती अशा टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी कमी होती, त्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे १ टक्क्याने उतरली. चरबी जास्त असलेल्यांना तेवढा फायदा दिसला नाही.

१ टक्का कमी नव्हे. पण सरकारी दवाखान्यात मिळणारी मेटफॉर्मिनची साधी गोळीही नियमित घेतली तर जवळपास तेवढीच उतरवते. शस्त्रक्रिया नाही, बॅटरी नाही, टाके नाहीत. व्हिडिओत हे सांगत नाहीत.

व्हेगसलाच गप्प करणारे दुसरे एक यंत्र अमेरिकेत आले. जठराजवळ व्हेगसवर वेगवान विजेचे स्पंद देऊन भुकेचे निरोप अडवायचे, अशी त्याची कल्पना. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्याला लठ्ठपणासाठी परवानगी दिली. मधुमेह असलेल्या २८ लठ्ठ रुग्णांच्या एका अभ्यासात वर्षभरात एचबीएवनसी सुमारे १ टक्क्याने उतरल्याचे दिसले होते. अभ्यास २८ जणांचाच होता, हे विसरू नये.

बाकीचे प्रयोग उंदरांवर

यापुढचे जे चित्तथरारक दिसते, ते अजून प्राण्यांवर आहे. मानेत जिथे मोठी रक्तवाहिनी दोन फाट्यांत विभागते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तातला प्राणवायू किती आहे यावर तो लक्ष ठेवतो. मधुमेहात तो गरजेपेक्षा जास्त चेतवलेला असतो, असे पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या सिल्विया कोंदे यांच्या गटाला आढळले. २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या अवयवाकडून निघणारा मज्जातंतू विजेने शांत केला, तेव्हा मधुमेही उंदरांचे शरीर इन्सुलिनला पुन्हा नीट प्रतिसाद देऊ लागले. वीज बंद केल्यावर मज्जातंतू आपले काम पूर्ववत करू लागला, म्हणजे तो कायमचा निकामी झाला नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन फुसेनेगर यांच्या गटाने त्याहून पुढची गोष्ट केली. विजेचा इशारा मिळताच इन्सुलिन सोडतील अशा पेशी त्यांनी तयार केल्या, त्या मधुमेही उंदरांत बसवल्या आणि त्यांची शुगर ताळ्यावर आणली. हे २०२० साली प्रसिद्ध झाले.

ही कामे मोलाची आहेत. पण उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये कित्येक वर्षांच्या चाचण्या असतात, आणि बरेच शोध तिथेच अडकतात. आज जगात कुठेही, इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची सुई सोडवेल असे विजेचे बसवायचे यंत्र बाजारात नाही.

इथे आणखी एक गोंधळ होतो. दंडावर चिकटवतात ते गोल बटण शुगर फक्त मोजते. कमरेला लावतात तो इन्सुलिन पंप इन्सुलिनच देतो, सुईऐवजी बारीक नळीतून. पाठीच्या कण्याजवळ बसवायचे एक विजेचे यंत्र मधुमेहामुळे पाय जळजळतात ती वेदना कमी करते, शुगर नव्हे. आणि बाजारात किंवा मोबाइलवर विकले जाणारे चुंबकाचे कडे, करंटचा पट्टा आणि चपला यांचा या शास्त्राशी काही संबंध नाही.

यंत्र शरीरात, कंपनी गायब

अमेरिकेत परवानगी मिळालेल्या त्या व्हेगसच्या यंत्राची विक्री काही वर्षांतच बंद झाली. डोळ्यांच्या बाबतीत याहून कठीण प्रसंग घडला. अंध व्यक्तींच्या डोळ्यात बसवायचे एक विजेचे यंत्र जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी घेतले. पुढे कंपनी पैशांच्या अडचणीत आली आणि तिने ते यंत्र बनवणे व सांभाळणे सोडले. यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न घेऊन ती माणसे बसून राहिली. गोळी उद्या बंद झाली तर दुसरी कंपनी तीच गोळी बनवते. कातडीखालच्या डबीचे तसे नसते.

इथे इन्सुलिनचीही आठवण ठेवू. टोरांटोत १९२१ साली त्याचा शोध लागला, जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला ते दिले गेले. शोधकर्त्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. हे औषध सर्वांचे असावे, अशी त्यामागची भावना होती. तरीही शंभर वर्षांनंतर इन्सुलिन प्रत्येक गरजूच्या हाती पोहोचलेले नाही. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. उद्या विजेचे यंत्र खरेच आले, तर ते टॉवरमध्ये आधी येईल की चाळीत, हा प्रश्न आपण आजपासून विचारला पाहिजे.

प्रयोगासाठी बोलावणे आले तर

नवी यंत्रे माणसांवर तपासावीच लागतात, आणि त्यासाठी कधी वस्त्यांतल्या रुग्णांना विचारले जाते. प्रयोगात भाग घेणे वाईट नाही. न समजता घेणे वाईट. आपले हक्क असे आहेत:

१. चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद हवी. तिचा क्रमांक 'सीटीआरआय'ने सुरू होतो. तो मागून घ्या.

२. माहितीपत्र आपल्या भाषेत हवे. वाचता येत नसेल तर प्रयोगाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून दाखवले पाहिजे. कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही-अंगठा देऊ नका.

३. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क आहे.

४. कधीही "मला नको" म्हणता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार तोडता येत नाहीत.

५. बॅटरी संपली, यंत्र बिघडले, कंपनी गेली तर कोण पाहणार, हे लेखी मागा.

तोवर सुई सोडू नका

इन्सुलिन अचानक बंद केले आणि उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी यांतले काही दिसले, तर घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. टाइप १ मधुमेहाच्या मुलांना तर एक दिवसही इन्सुलिनशिवाय ठेवू नये.

३० वर्षांवरील प्रत्येकाने महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ही तपासणी मोफत आहे. घरी फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून, पाणी लागणार नाही अशी, ओल्या मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवावी. पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

"सुई लागली म्हणजे माणूस संपला" हे वाक्य आपल्या वस्तीत फार ऐकू येते. त्यांना एवढेच सांगावे: बाबासाहेबांना मधुमेह होता. ते इन्सुलिन घेत होते, पाय दुखत होते, झोप लागत नव्हती. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांचे औषधपाणी, पथ्य पाहत होत्या. त्याच वर्षांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. सुई घेणे म्हणजे हरणे नव्हे.

केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की केवळ ऐकले म्हणून, कोणी मोठा माणूस म्हणाला म्हणून एखादी गोष्ट मानू नका. ती हिताची आहे का हे स्वतः तपासा. मोबाइलवरच्या व्हिडिओलाही हीच कसोटी लावायची. हे माणसांवर तपासले की उंदरांवर? किती जणांवर? कोणत्या मधुमेहासाठी? शुगर किती उतरली? हे विकून पैसा कोणाला मिळणार?

काका आता घरी आहेत आणि दोन वेळची सुई घेतात. मागच्या रविवारी नातू टेबलाशी आला आणि त्याने स्वतःच विचारले, "ताई, ते मशीन आलं की मला सांगाल ना?" सांगू. ज्या दिवशी ते खरेच येईल, त्या दिवशी याच पानावर सांगू. तोवर आजोबांना सुई वेळेवर दे, बाळा.