तोतया पोलीस आणि आपली भीती

पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या तोतयावर पुष्कळांनी विश्वास ठेवला, कारण भाऊ परत यावेत अशी लोकांची आस होती. पोलिसाच्या तोतयाचे भांडवल निराळे; ते म्हणजे आपली भीती.

जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या एस. टी. स्थानकावर एखाद्या म्हातारीस कोणी अडवले, असे समजा. “आम्ही पोलीस. पुढे चोऱ्या होताहेत. दागिने रुमालात बांधा.” घरी गाठ सोडावी, तर आत खडे!

कायदा काय म्हणतो? पोलीस असल्याचे भासवून त्या अधिकाराच्या नावाखाली काही करणे, वा करू पाहणे, हा गुन्हा होय. १८६० च्या दंडसंहितेत कलम १७० खाली त्यास २ वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २०४ लागू आहे : किमान ६ महिने, कमाल ३ वर्षे कैद आणि दंड.

पण शिक्षा होते ती दागिना गेल्यावर. साहेबाला प्रश्न विचारायला कामगाराची जीभ रेटत नाही, हे आम्ही जन्मभर पाहिले. वास्तविक अटक करणाऱ्याने आपले नाव स्पष्ट दिसेल असे लावलेच पाहिजे; फोनवरून अटक तर कायद्यात नाहीच. तेव्हा श्रोतेहो, नाव विचारा, ‘ठाण्यावर चला’ म्हणा. खऱ्या पोलिसाचा त्यात अपमान नाही; तोतयाला मात्र पळता भुई थोडी होते.