कौतुक चुकून आपलं झालं तर?

विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल मैत्रिणीनं बनवलंय आणि मुख्याध्यापक सरांनी शाबासकी दिली तुम्हाला. गप्प बसायचं?

आधी एक प्रयोग सांगते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना काही नावं दिली. म्हणाले, ही मुलं यंदा चमकणार. खरं तर नावं चिठ्ठ्या उचलाव्यात तशी काढलेली! तरी पहिली-दुसरीत त्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढलेला दिसला. १९६८ साली यावर पुस्तक आलं, त्यावर टीकाही झाली.

मग चुकीचं कौतुक चांगलंच की! पण थांबा. तिथे कुणाचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं. इथे जातंय. शिक्षकांच्या अपेक्षेत खरंच ताकद असेल, तर ती अपेक्षाही मैत्रिणीच्या वाट्याची आहे, आणि ती तुमच्याकडे वळतेय.

म्हणून मी म्हणते, तिथल्या तिथे एक वाक्य बोला: 'थँक्यू सर, पण मॉडेल हिनं केलंय.' कौतुक सगळ्यांसमोर झालं असेल, तर हेही सगळ्यांसमोरच.